सात खोल्यांचा किल्ला

केरीच्या धक्क्यावर फेरीबोट येईपर्यंत समोरचा किल्ला नीट पाहून घ्यावा. पलीकडे गेल्यावर तो असा अखंड पुन्हा दिसत नाही. मागे केरीचं सुरूचं बन, उजव्या हाताला आत शिरत गेलेली तेरेखोल नदी, डावीकडे उघडा समुद्र, आणि नदी जिथे समुद्रात उतरते तिथल्या पलीकडच्या टेकाडावर तो बसलेला. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रायगड किंवा सिंधुदुर्ग येतो. त्या हिशेबाने हा फारच लहान. एखाद्या इनामदाराच्या वाड्याला बुरूज लावावेत तेवढाच. तटाच्या आतून चर्चचा पांढरा दर्शनी भाग डोकं वर काढून उभा असतो, त्यामुळे लांबून आधी चर्च दिसतं आणि मग त्याच्याभोवतीचा किल्ला.

फेरीबोटीतून पलीकडे जायला पाच-सात मिनिटं लागतात. बोटीत चार स्कूटर, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका, शाळेतून परतणारी पोरं आणि मी. तेरेखोल हे गाव पेडणे तालुक्यातलं, म्हणजे गोव्याचं. पण नदीच्या उत्तर काठावर असलेलं. त्याच्या पाठीला थेट महाराष्ट्र लागतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीहून चालत यावं इतकं ते जवळ आहे. रस्त्याने यायचं तर किरणपाणी–आरोंद्याच्या पुलावरून नदी ओलांडायची, सिंधुदुर्गात शिरायचं, रेडीला वळसा घालायचा आणि पुन्हा गोव्यात यायचं. गोव्याच्या नकाशावर तेरेखोल वरच्या कोपऱ्यात एकटं पडलेलं दिसतं. या एकटेपणाचं कारण तोच किल्ला आहे, आणि मी त्या किल्ल्यात एक रात्र राहायला निघाले होते.

हो, राहायला. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल आहे. पूर्वी तिथे सरकारी विश्रामगृह होतं, पुढे सरकारने ती जागा खाजगी चालकांना भाडेपट्ट्याने दिली. खोल्या सात, आणि त्यांना आठवड्याच्या सात वारांची नावं. मी शनिवारी पोहोचले आणि मला गुरुवार मिळाला.

ही गोष्ट ऐकल्यावर माझ्या घरच्यांपैकी निम्म्यांच्या कपाळावर आठी पडली होती. ती आठी मला समजते. २०१९च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातले पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली, तेव्हा मीही चिडलेल्यांत होते. गडावर लग्नाच्या वराती नाचणार या कल्पनेनेच पोटात कालवलं होतं. शासनाने पुढे खुलासा केला, की संरक्षित आणि शिवकाळाशी जोडलेले किल्ले यात नाहीत, फक्त दुय्यम वर्गातल्या वास्तूंचा विचार आहे. राग शमला, पण प्रश्न काही मिटला नाही. ज्या वास्तूचं मूळ काम संपलं आहे, तिचं करायचं काय? या प्रश्नाचं एक चालतं-बोलतं उत्तर आपल्या अंगणाच्या टोकाला कित्येक वर्षं उभं आहे, मग ते एकदा आत राहून पाहावं, असं मला वाटत होतं.

किल्ला मुळात पोर्तुगिजांचा नाही, हे सिंधुदुर्गातला माणूस पहिल्या वाक्यात सांगतो. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी तो बांधला. कशासाठी, ते तटावर उभं राहिल्यावर कळतं. खाली जी नदी आहे ती आत आरोंद्याकडून बांद्याकडे जाते, आणि बांदा हे एकेकाळचं गजबजलेलं बंदर. समुद्रातून आत येणारं प्रत्येक गलबत या टेकाडाखालून जाणार. ज्याच्या हातात टेकाड, त्याच्या हातात नदीचं कुलूप. अशा जागेला मोठी फौज लागत नाही. काही तोफा, पहाऱ्याचे शिपाई आणि त्यांना राहायला चार खोल्या पुरतात. म्हणून किल्ला एवढासा आहे. आज तो हॉटेल म्हणून शोभतो त्यामागचं एक कारण मला हेच वाटतं: ही जागा पहिल्या दिवसापासून थोड्या माणसांनी मुक्काम करून नदीवर लक्ष ठेवण्यासाठीच बांधली गेली होती.

१७४६ साली व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने सावंतांवर मोहीम काढली. मे महिन्यात त्याने शापोरा नदीवरचा हळर्णचा किल्ला घेतला, आणि वर्ष सरण्याच्या आत तेरेखोल आणि शेजारची रेडीही घेतली. हळर्णच्या विजयाचं पोर्तुगालमध्ये इतकं कौतुक झालं, की १७४८मध्ये त्याला ‘आलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण. पेडण्यातल्या एका खेड्याचं नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटलं ते असं. गंमत म्हणजे अख्खा पेडणे महाल पोर्तुगिजांच्या हाती कायमचा गेला तो १७८८मध्ये. तेरेखोल त्याआधी चाळीस वर्षं गेलेलं होतं. रेडी पुढे त्यांच्याकडून सुटली, तेरेखोल काही सुटलं नाही. नदीच्या उत्तरेला गोव्याचा हा तुकडा राहिला तो तेव्हापासून.

१७६४मध्ये पोर्तुगिजांनी किल्ल्याची पुन्हा बांधणी केली. आतलं चर्च, आजचं सांत आंतोनिओचं, अंगणाचा बहुतेक भाग व्यापून आहे. दारातून आत शिरल्याबरोबर तुम्ही थेट चर्चच्या पुढ्यात येता. डावी-उजवीकडे तटाला चिकटलेल्या खोल्या, वर गच्ची, गच्चीला दगडी कठडा. बस्स, संपला किल्ला. हॉटेलला स्वागतकक्षासाठी दालन नाही, कारण तेवढी जागाच नाही. एका टेबलामागून एक मुलगा उठला, “ताई, फेरीने आलात ना? दमला असाल,” म्हणाला आणि माझी पिशवी उचलून जिन्याने वर गेला. जिना इतका अरुंद की पिशवी त्याला पोटाशी धरावी लागली.

गुरुवारच्या खोलीत मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर खिडकीत बसले. भिंत इतकी जाड आहे की खिडकीच्या तळाशी माणूस पाय दुमडून आरामात बसू शकतो. बाहेर नदीचं मुख, पलीकडे केरीची पुळण, तिच्या पुढे हरमलकडे जाणारा किनारा. एप्रिल होता, बाहेर ऊन भाजत होतं आणि हाताखालचा दगड गार होता.

या दगडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जुन्या वास्तूचं हॉटेल करायचं म्हणजे खरी लढाई इथेच असते. कोकण-गोव्यातली जुनी बांधकामं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. म्हणून ते चिरे चुन्यात बसवत आणि वरून चुन्याचाच गिलावा करत. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो: पावसाळ्यात आत गेलेला ओलावा हिवाळ्या-उन्हाळ्यात हळूहळू बाहेर पडतो. तोफांची जागा पर्यटकांनी घेतली, की मालकाला घाई असते. तो सिमेंटचा गिलावा मारतो, वर तकतकीत ऑइलपेंट देतो. दोन पावसाळ्यांत भिंत आतून कुजायला लागते. ओलावा अडकतो, समुद्राजवळ असेल तर मीठही अडकतं, खार फुटतो, पापुद्रे सुटतात. मग मालक आणखी सिमेंट लावतो. कोकणात मी अशी कितीतरी घरं पाहिली आहेत, त्यातलं एक माझ्या आजोळचं.

त्यात हॉटेल म्हटलं की प्रत्येक खोलीला न्हाणीघर हवं. किल्ल्यातल्या शिपायांना ते नव्हतं. दोनशे-अडीचशे वर्षांच्या भिंतीतून पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नळी न्यायची म्हणजे भिंतीला कायमची ओल लावायचा धोका. खोल्या जितक्या जास्त, तितक्या नळ्या जास्त, तितकी तोडफोड जास्त. सात खोल्यांचा आकडा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटला. हिशेबाला बसलेल्या कुणालाही तिथे वीस खोल्या सुचल्या असत्या. गच्चीवर आणखी एक मजला, मागच्या उतारावर पोहण्याचा तलाव. हे काही झालं नाही, म्हणून तेरेखोल अजून तेरेखोल आहे.

संध्याकाळी गच्चीवर चहा घेतला. बाहेरून फक्त चहा-जेवणाला आलेली माणसंही होती, मालवणहून आलेलं एक कुटुंब फेरीची वेळ विचारत होतं. वाढणारे काका रेडीचे. पावसात कसं असतं, असं मी विचारलं. त्यांनी समुद्राकडे हात केला. “पावसात येवा, मगे दर्या बघा.” पश्चिमेच्या झडीपासून भिंती वाचवायला पूर्वी इकडे नारळाच्या चुडतांचे झाप विणून बाहेरून लावत, त्यांच्या घराला ते अजून लावतात, असंही त्यांनी सांगितलं. डागडुजीचं हे शहाणपण कुठल्या वास्तुविशारदाच्या आराखड्यात असेल-नसेल, ते इथल्या माणसांच्या हातात आहे. ती माणसं त्या वास्तूत रोज काम करत असतील तरच ते तिला मिळणार.

अंधार पडल्यावर पाहुणे गेले आणि किल्ला एकदम लहान झाला. खाली चर्च बंद होतं. ते एरवी बंदच असतं. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, उघडतं, तेव्हा गाव आत येतं. तेरेखोलची वस्ती मोजक्या घरांची, बहुतेक ख्रिस्ती. किल्ल्यातलं चर्च हे त्यांचं चर्च. हॉटेल झालं तरी त्या दारावरचा गावाचा हक्क गेलेला नाही. एका वास्तूत दोन मालक नांदतात म्हणा ना: रात्रीचं भाडं भरणारा पाहुणा वरच्या खोलीत, आणि अंगणाच्या मधोमध गावाचा देव. मला ही व्यवस्था फार आवडली. हॉटेलवाल्याला इथे सगळंच आपलं म्हणता येत नाही.

पण या अंगणात रक्तही सांडलेलं आहे, आणि ते विसरून इथे झोपता येत नाही. १८३५ साली बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा मूळचा गोमंतकीय माणूस गोव्याच्या सर्वोच्च अधिकारावर आला. पोर्तुगीज अमलात असा तो पहिलाच. तीन आठवडेही त्याला टिकू दिलं नाही. लष्कराने बंड केलं, आणि त्या धुमाळीत तेरेखोलच्या शिबंदीची कत्तल झाली. पुढे १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही इथे घुसले, त्यांनी किल्ल्यावर तिरंगा लावला आणि एक दिवस किल्ला भारताचा झाला. दुसऱ्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ला, गोव्याच्या सगळ्या सीमांवर सामुदायिक सत्याग्रह झाला. पेडण्यातच पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल गोळी लागून पडले. तेरेखोलला हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर गेले. हिरवे गुरुजी पनवेलचे. पनवेलचा शिक्षक इतक्या दूर, निःशस्त्र, या टेकाडाखाली येऊन मरतो. त्यांचं स्मारक किल्ल्याजवळ आहे. सकाळी मी तिथे गेले, तेव्हा कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली होती.

हॉटेलने या इतिहासाला आणखी जागा द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक खोलीत एक पान ठेवलं, मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, तरी पुरे. गुरुवारच्या खिडकीत बसून नदी बघणाऱ्याला कळायला हवं, की याच नदीकडे बंदूक रोखून कुणी उभं होतं आणि पलीकडून झेंडा घेऊन कुणी आलं होतं.

जुन्या वास्तूंची हॉटेलं करण्याचं काम जगात पोर्तुगालनेच फार हौसेने केलं आहे, हा इतिहासाचा योगायोग. त्यांच्या सरकारने १९४२पासून ‘पोसादा’ नावाची सरकारी विश्रामगृहं सुरू केली, आणि १९५१मध्ये ओबिदुशच्या मध्ययुगीन गढीत पहिल्यांदा जुन्या वास्तूत पोसादा उघडली. मग मठ, किल्ले, वाडे असा क्रम लागला. शेजारच्या स्पेनमध्ये ‘पारादोर’ १९२८पासून होतेच. आपल्याकडे राजस्थानात नीमराण्याचा पडका किल्ला १९९१मध्ये हॉटेल म्हणून सुरू झाला. आणि मुंबईत तर वास्तूंनी दोन्ही दिशांनी प्रवास केला आहे. फोर्टातली ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग आधी गव्हर्नरचं घर, मग न्यायालय, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉटेल, मग पुन्हा कचेऱ्या. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ला हिंदुस्थानात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली, त्यात पुढे वकिलांच्या कचेऱ्या झाल्या. शेकडो भाडेकरू, जबाबदार कुणीच नाही, सज्जे कोसळू लागले, आणि २०१९मध्ये इमारत रिकामी करावी लागली. हॉटेलमुळे वास्तू बिघडते म्हणणाऱ्यांनी वॉटसनकडे एकदा पाहावं. रोज तिची चादर बदलणारं, गळतं छप्पर त्याच दिवशी बघणारं कुणी असणं, ही वास्तूला मिळणारी छोटी गोष्ट नाही.

सगळ्याच किल्ल्यांना हे औषध चालणार नाही, हेही खरं. गोव्यातच मांडवीच्या मुखावर रेइश मागूश आहे. १९९३पर्यंत तिथे तुरुंग होता. त्याचं हॉटेल केलं नाही. नीट दुरुस्ती करून २०१२मध्ये लोकांसाठी उघडलं, आत मारियो मिरांडांची चित्रं लावली. आग्वादच्या तटाला लागून मात्र सत्तरच्या दशकातच मोठं पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं. खालच्या तुरुंगाचं संग्रहालय व्हायला २०२१ उजाडलं. एकाच सरकारने तीन किल्ल्यांसाठी तीन वेगळे मार्ग धरले. पेडण्याला आता असा विचार घाईने करावा लागणार आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाल्यापासून तालुक्यातल्या जमिनीला भाव आला आहे. तेरेखोलच्या माथ्यावरच्या काजूच्या बागांत गोल्फचं मैदान आणि मोठं हॉटेल करायचा घाट गेल्या दशकात घातला गेला, तेव्हा कुळांनी न्यायालयात धाव घेतली. सात खोल्यांचं हॉटेल आणि अख्ख्या गावाचं हॉटेल यांतला फरक तेरेखोलच्या लोकांना कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी मी नदी ओलांडून हळर्णला गेले. ज्या किल्ल्याच्या नावावर पोर्तुगालमध्ये पदवी वाटली गेली, तो पाहायचा होता. वाटेत डिचोलीकडचा एक जुना प्रवास आठवत राहिला: नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी ते पुन्हा उभारलं, तसा शिलालेख दारावर आहे. २०२३मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. तिथे प्रश्न कधी पडलाच नाही. साडेतीनशे वर्षं पूजा चालू आहे, वास्तूला तिचं मूळ काम अजून आहे. प्रश्न पडतो तो हळर्णसारख्यांना. शापोरा नदीच्या काठी, चहूबाजूंनी झाडीत, चांगला चौकोनी किल्ला. वर्षानुवर्षं वेली आणि पिंपळ यांनी गिळलेला होता. अलीकडे पुरातत्त्व खात्याने साफ करून डागडुजी केली आहे. तट उभे आहेत, चिरे स्वच्छ आहेत, पायवाट आखली आहे. मी गेले तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. सावलीत बसलेल्या वयस्क राखणदाराने पाणी दिलं.

“खंय राहिल्यात, बाई?” त्यांनी विचारलं.

तेरेखोलला, किल्ल्यातच, असं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. आपण जन्म इथेच काढला पण त्या किल्ल्यात कधी पाय ठेवला नाही, म्हणाले. आता तिथे आपल्यासारख्यांना आत सोडतात का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. मी सांगितलं, चहा प्यायला कुणालाही जाता येतं, आणि मे महिन्यात फेस्त असतं तेव्हा चर्चही उघडं असतं.

त्यांनी फेस्ताची तारीख विचारली. मला ती नेमकी ठाऊक नव्हती, म्हणून तिथूनच हॉटेलला फोन लावून त्यांच्या हातात दिला.